कोलंबिया की इलिनॉय : नावाची पारख कोण करणार?

पत्र :

स. न. वि. वि. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत माझा टॉवेलचा लहान कारखाना आहे. मुलगी सोलापुरातच संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी तिला अमेरिकेत दोन ठिकाणी प्रवेश मिळाला आहे : न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ आणि अर्बाना-शॅम्पेन येथील इलिनॉय विद्यापीठ. आमच्या हिशेबाने पहिल्याचा एकूण खर्च सव्वा कोटीच्या घरात जातो, तर दुसऱ्याचा ऐंशी ते पंच्याऐंशी लाखांत भागेल. कोठेही गेली तरी कर्ज काढावे लागेल आणि जुळे सोलापुरातील घर तारण ठेवावे लागेल. मुलगी इलिनॉय म्हणते. घरची ओढाताण पाहून ती मन मारते आहे, अशी मला शंका येते. नातेवाइकांत कोलंबियाचे नाव ‘बाबासाहेबांचे विद्यापीठ’ म्हणून सर्वांना ठाऊक आहे. दुसरे नाव घेतले की ‘हे कुठे आले?’ असे विचारतात. पुण्याचे मेहुणे म्हणाले, ‘आयव्ही लीग सोडून सरकारी विद्यापीठात कोण जातं?’ मुलीने मला मोबाईलवर चार क्रमवाऱ्या दाखवल्या. एकीत एक वर, तर दुसरीत दुसरे. खरी कोणती मानायची? पैशाकडे पाहून मी तिचे कायमचे नुकसान तर करत नाही ना?
— एक वडील, सोलापूर

उत्तर :

स. न. वि. वि.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देणे योग्य होईल. आपल्या हातून कन्येचे नुकसान होत नाही, आणि ती मन मारते आहे असे मानायलाही पत्रात आधार सापडत नाही. संगणकशास्त्र शिकू पाहणाऱ्या विद्यार्थिनीने कोलंबियाऐवजी इलिनॉय निवडले, तर त्या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही त्याचे नवल वाटणार नाही. नवल वाटते ते नातेवाइकांना, कारण ते जी उतरंड मनात धरून बोलत आहेत ती वेगळ्या वयाच्या, वेगळ्या पदवीच्या आणि बहुतांशी वेगळ्या देशातील मुलांसाठी घडलेली आहे.

मेहुण्यांच्या ‘आयव्ही लीग’पासूनच पाहू. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया, कॉर्नेल, ब्राउन, डार्टमथ आणि पेनसिल्व्हेनिया या आठ विद्यापीठांचा हा गट औपचारिक अर्थाने एक क्रीडासंघटना आहे. आपापसांतील सामन्यांबाबत या आठांनी १९५४ मध्ये जो करार केला, त्यातून ती उभी राहिली. गुणवत्तेची परीक्षा घेऊन कोणी ही आठ नावे निवडलेली नाहीत. एमआयटी या गटात नाही, स्टॅनफर्ड नाही, शिकागो नाही, बर्कलीही नाही. अमेरिकेत बारावीच्या वयाची मुले आणि त्यांचे पालक जी तोंडी क्रमवारी चालवतात, तिच्यात अगदी वरच्या पायरीवर हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या जोडीला स्टॅनफर्ड व एमआयटी ही दोन गटाबाहेरची नावे असतात, आणि आठांपैकी उरलेल्या पाचांना खालच्या पायऱ्यांवर कोण कोठे यासाठी भांडत बसावे लागते. मेहुणे ज्या दाखल्यावर इतके विसंबून आहेत, त्याला त्याच्या स्वतःच्या गावातही तितका सरसकट मान नाही.

ही तोंडी उतरंड कोणतीही समिती ठरवत नाही. एकाच विद्यार्थ्याला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला तर तो कोणीकडे जातो, यावरून ती घडत जाते. एव्हरी, ग्लिकमन, हॉक्सबी आणि मेट्रिक या अमेरिकी संशोधकांनी नेमके याचेच गणित मांडले होते : प्रत्येक विद्यार्थ्याची निवड हा त्या दोन विद्यापीठांमधला एक डाव समजायचा आणि बुद्धिबळपटूंचे मानांकन ज्या रीतीने काढतात त्या रीतीने विद्यापीठांचा क्रम लावायचा. ही पद्धत प्रामाणिक आहे, कारण तिच्यात विद्यापीठाने स्वतःबद्दल सांगितलेले काहीच गृहीत धरावे लागत नाही. मात्र डाव कोणी जिंकला एवढेच तिच्यातून कळते. तो अध्यापनामुळे जिंकला, शहरामुळे जिंकला, की घरच्यांना सांगायला नाव बरे वाटते म्हणून जिंकला, हे तिच्यातून कळत नाही.

आपल्याकडे जेईईच्या निकालानंतर दरवर्षी हेच घडते. केंद्र शासनाच्या एनआयआरएफ क्रमवारीत अभियांत्रिकी गटात २०१६ पासून आयआयटी मद्रास पहिल्या स्थानावर आहे. पण जेईई ॲडव्हान्स्डमध्ये पहिल्या शंभरांत आलेल्यांपैकी बहुतेक जण पवईला आयआयटी मुंबईत जाऊन संगणकशास्त्र घेतात. सरकारी तक्ता एकीकडे बोट दाखवतो आणि मुले दुसरीकडे जातात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे तक्ता नसतो, मागच्या वर्षीचे गुणवंत असतात. त्यांतल्या एकानेही दोन्हीकडच्या वर्गात बसून तुलना केलेली नसते, तरी पुढच्या वर्षी तोच क्रम आणखी घट्ट होतो. सोलापुरात पुण्याचे सीओईपी की मुंबईचे व्हीजेटीआय यावर जे वाद रंगतात, ते ऐकले तर दोन्ही बाजूंच्या तोंडी बहुधा कोणाच्या तरी मुलाचे नाव असते. अभ्यासक्रमाचा उल्लेख क्वचितच होतो.

उतरंडीचा दुसरा आधार म्हणजे नकारांची संख्या. जे विद्यापीठ शंभरांतल्या पंच्याण्णवांना परत पाठवते ते मोठे, असा हिशेब मनात पक्का बसलेला असतो. हा आकडा किती फसवा असतो हे शिकागोच्या उदाहरणावरून कळेल. २००५ च्या सुमारास शिकागो विद्यापीठात पदवीसाठी अर्ज करणाऱ्यांपैकी सुमारे चाळीस टक्क्यांना प्रवेश मिळत असे, आणि त्या वेळीही त्याच्या अर्थशास्त्र विभागाचे नाव जगभर होते. पुढच्या दशकभरात हे प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली उतरले. विद्यापीठाने अनेक संस्थांना चालणारा सामायिक अर्ज स्वीकारला, प्रसिद्धीवर जोर दिला, अर्जांचा ढीग वाढला आणि त्याबरोबर नकारही वाढले. वर्गातल्या शिकवण्यात तेवढ्या पटीने सुधारणा झाली, असे म्हणायला काहीच कारण नाही.

इलिनॉयचे गणित मुळातच वेगळे आहे. १८६२ च्या मॉरिल कायद्याने अमेरिकी राज्यांना जमिनी मिळाल्या. त्या विकून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये उभी करायची, कष्टकरी वर्गाच्या मुलांना उच्च शिक्षण मिळवून द्यायचे, असा त्यामागचा हेतू होता. इलिनॉय विद्यापीठाची स्थापना १८६७ मध्ये त्याच धोरणातून झाली. आपल्या राज्यातील मुलांना सामावून घेणे हे त्याचे काम असल्यामुळे त्याचा पदवी-प्रवेशाचा टक्का कोलंबियापेक्षा कितीतरी मोठा दिसतो, आणि नकार मोजणाऱ्या उतरंडीत ते साहजिकच खाली राहते. मेहुण्यांना एवढेच सांगावे की बर्कली आणि मिशिगन हीदेखील सरकारीच विद्यापीठे आहेत.

आता छापील क्रमवाऱ्यांकडे वळू. ‘खरी कोणती’ असे आपण विचारता, आणि योगायोग असा की या बाबतीतले अलीकडचे सर्वांत गाजलेले प्रकरण कोलंबियाचेच आहे. ‘यूएस न्यूज’ हे नियतकालिक १९८३ पासून अमेरिकी विद्यापीठांच्या क्रमवाऱ्या प्रसिद्ध करत आले आहे. कोलंबिया तिच्यात १९८८ साली अठराव्या स्थानावर होते आणि चढत चढत दुसऱ्या स्थानापर्यंत पोहोचले. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी सविस्तर विश्लेषण प्रसिद्ध करून दाखवले की विद्यापीठाने पाठवलेली काही आकडेवारी, विशेषतः वर्गातील विद्यार्थिसंख्या आणि प्राध्यापकांच्या पदव्या यांविषयीची, विद्यापीठाच्याच इतर नोंदींशी जुळत नाही. नियतकालिकाने त्या वर्षीचे स्थान काढून घेतले. विद्यापीठाने दोन बाबतींत आपली माहिती जुन्या किंवा चुकीच्या पद्धतीवर आधारलेली होती हे मान्य केले, आणि सप्टेंबर २०२२ च्या यादीत कोलंबिया पुन्हा अठराव्या स्थानावर आले. पुढच्या वर्षी पदवी अभ्यासक्रमांच्या या क्रमवारीसाठी माहिती देणेच विद्यापीठाने बंद केले. दुसऱ्या स्थानावरून अठराव्यावर जाण्याच्या त्या काही महिन्यांत तिथल्या एकाही वर्गात, प्रयोगशाळेत किंवा ग्रंथालयात सोळा पायऱ्यांचा फरक पडला नव्हता. कोलंबियाविषयी वाईट बोलण्याचा यात हेतू नाही. स्वतःच्याच विद्यापीठाची उलटतपासणी घेणारा प्राध्यापक जिथे सुखाने नोकरी करतो, ती संस्था आतून भक्कम असली पाहिजे, असे माझे मत आहे.

जागतिक क्रमवाऱ्यांत निराळी अडचण आहे. २००३ मध्ये निघालेली शांघायची क्रमवारी नोबेल पारितोषिकांचे आणि गणितातील फील्ड्स पदकांचे मानकरी, संशोधन निबंध अशा गोष्टी मोजते. म्हणजे ती मुख्यतः प्राध्यापकांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या जुन्या कर्तृत्वाची नोंद आहे. क्यूएस ही क्रमवारी जगभरच्या प्राध्यापकांना आपापल्या क्षेत्रात कोणती विद्यापीठे उत्तम वाटतात हे विचारते. या लौकिकाला बरीच वर्षे शंभरांपैकी चाळीस गुण होते आणि २०२४ च्या आवृत्तीपासून तीस आहेत. आता अशी विचारणा झालेल्या प्राध्यापकाने त्या विद्यापीठात पाऊलही ठेवलेले नसेल, तर तो कशाच्या आधारे मत देणार? बऱ्याच अंशी आधीच्या लौकिकाच्या. लौकिकामुळे क्रमांक मिळतो, क्रमांकामुळे लौकिक टिकतो, आणि हे चक्र सुरू झाल्यावर बाहेरच्या कोणाला आत शिरायला फार वेळ लागतो. एनआयआरएफमध्येही जनमानसातील प्रतिमेला दहा टक्के वजन आहेच. एप्रिल २०२० मध्ये मुंबई, दिल्ली, मद्रास, कानपूर, खरगपूर, रुरकी आणि गुवाहाटी या सात आयआयटींनी ‘टाइम्स हायर एज्युकेशन’च्या जागतिक क्रमवारीत भाग न घेण्याचे ठरवले होते, आणि मोजणीच्या पारदर्शकतेबद्दलची शंका हे त्याचे कारण होते. त्यामुळे चार क्रमवाऱ्यांत चार उत्तरे आली यात तुमच्या कन्येची काही गफलत नाही. त्या चार वेगवेगळ्या गोष्टी मोजत होत्या.

आपल्या प्रकरणात मात्र या सर्वांहून महत्त्वाची अशी एक गोष्ट आहे आणि नातेवाइकांच्या चर्चेत ती बहुधा आलीच नसेल. कोलंबियाची जी दुर्मिळता गाजते, शंभर अर्जांमागे चार-पाच प्रवेश, ती पदवी अभ्यासक्रमाची आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे प्रवेश वेगळे असतात. ते विभाग देतो, त्यांची संख्या वेगळी असते आणि निकषही वेगळे असतात. अमेरिकेतील बहुतेक मोठ्या विद्यापीठांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला विद्यापीठ पैसे देते, तर दीड-दोन वर्षांच्या व्यावसायिक एम.एस.साठी विद्यार्थी विद्यापीठाला पैसे देतो. दोघांच्या पदवीवर नाव एकच असते, म्हणून पदवी-प्रवेशाचा दबदबा न विचारता एम.एस.लाही चिकटतो. कंपनीत मुलाखत घेणाऱ्या अभियंत्याला हा फरक पुरता माहीत असतो. सोलापुरातल्या लग्नघरात तो कोणाला माहीत नसतो, आणि तिथे तो माहीत असण्याची गरजही नाही.

तेव्हा तुमच्या कन्येने पाहायची ती विभागाची प्रत. तुम्ही सूत खरेदी करताना गिरणीचे नाव ऐकता, पण काउंट आणि पीळ तपासल्याखेरीज सौदा करत नाही. इथेही तसेच करावे. संगणकशास्त्रात अर्बाना-शॅम्पेनची प्रत अगदी वरची आहे. अमेरिकेतील पदव्युत्तर संगणकशास्त्र विभागांचा विचार होतो तेव्हा कार्नेगी मेलन, एमआयटी, स्टॅनफर्ड आणि बर्कली यांच्या पाठोपाठ सामान्यतः इलिनॉयचेच नाव येते, आणि कोलंबिया त्याच्या काही पायऱ्या खाली असते. त्यामागे इतिहास आहे. १९५२ मध्ये इलिनॉयने इलियाक हा संगणक स्वतः बांधून चालू केला. सामान्य माणसापर्यंत इंटरनेट पोहोचवणारा मोझेक ब्राउझर १९९३ मध्ये याच विद्यापीठाच्या महासंगणन केंद्रात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी तयार केला. आजच्या असंख्य मोबाईलमधील सॉफ्टवेअर ज्या साधनांनी तयार होते त्यांच्या मुळाशी असलेला एलएलव्हीएम हा प्रकल्प तिथेच ख्रिस लॅटनर या विद्यार्थ्याने विक्रम अडवे या प्राध्यापकांबरोबर सुरू केला. यूट्यूबच्या संस्थापकांपैकी स्टीव्ह चेन आणि जावेद करीम, तसेच ऑनलाइन पैसे देण्याच्या पेपाल सेवेचे एक संस्थापक मॅक्स लेव्हचिन हे तिथलेच विद्यार्थी. ‘हे कुठे आले?’ असे विचारणाऱ्या नातेवाइकांना यातले मोझेकचे एक उदाहरण पुरेल. बाकीचे तुमच्या स्वतःच्या समाधानासाठी.

बाबासाहेबांच्या नावाबद्दल बोलल्याशिवाय मात्र हे पत्र पुरे होणार नाही, कारण कोलंबियाविषयी महाराष्ट्रात जो आदर आहे तो आयव्ही लीगमुळे आलेला नाही, तो त्यांच्यामुळे आहे, आणि तो सार्थ आहे. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते तिथे गेले आणि १९१६ पर्यंत शिकले. विद्यापीठांच्या क्रमवाऱ्यांचा आजचा पसारा तेव्हा नव्हता. त्यांना तिथे मिळाले ते एडविन सेलिग्मन यांच्यासारखे सार्वजनिक वित्ताचे अधिकारी अभ्यासक आणि जॉन ड्यूई यांच्यासारखे तत्त्वज्ञ. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा प्रबंध पुढे ग्रंथरूपाने निघाला तेव्हा त्याला सेलिग्मन यांनीच प्रस्तावना लिहिली. नंतर ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. ती संस्था १८९५ ची, म्हणजे त्या काळी अगदी नवी होती, पण अर्थशास्त्रासाठी योग्य होती. त्यांच्या विषयाची माणसे जिथे होती तिथे ते शिकले. तुमच्या कन्येच्या विषयाची माणसे अर्बानात मोठ्या संख्येने आहेत. बाबासाहेबांच्या आदरापोटी कोलंबियाच निवडले पाहिजे, असे कोणी म्हणत असेल तर त्याला त्यांचे हे वागणे दाखवून द्यावे.

इथवर वाचून नावाला काही अर्थच नसतो असे आपले मत होईल, तर ते चुकीचे ठरेल. या प्रश्नावर चांगली संशोधने झाली आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकेरी नाहीत. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मोठ्या नावाच्या संस्थेत प्रवेश मिळूनही दुसरीकडे गेलेल्या विद्यार्थ्यांची तिथेच गेलेल्यांशी तुलना केली. पुढच्या मिळकतीत सरसकट असा फारसा फरक दिसला नाही. मात्र कमी उत्पन्नाच्या घरांतून आलेल्यांना नावाचा फायदा झाल्याचे दिसले. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी २०२३ मध्ये मांडलेल्या अभ्यासात आठ आयव्ही विद्यापीठे आणि त्यांच्या तोडीच्या आणखी चार संस्था घेतल्या होत्या. तिथे गेल्याने सरासरी मिळकत फारशी वाढत नाही, पण अत्युच्च उत्पन्नगटात पोहोचण्याची शक्यता बरीच वाढते आणि प्रतिष्ठित मानल्या जाणाऱ्या संस्थांत नोकरी मिळण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट होते, असे त्यांना आढळले. याचा अर्थ असा की ज्याच्या घरी ओळखीपाळखी नाहीत त्याला, आणि ज्याला वित्तसंस्था, सल्लागार कंपन्या किंवा राजकारणाच्या अगदी वरच्या वर्तुळात जायचे आहे त्याला, नाव दार उघडून देते. दोन्ही अभ्यास अमेरिकेतील पदवी विद्यार्थ्यांचे आहेत, भारतातून एम.एस.साठी जाणाऱ्यांचे नाहीत. तरी सोलापूरच्या टॉवेल कारखानदाराची मुलगी ‘ओळखीपाळखी नसलेल्या’ गटातच मोडते, हे मान्य करायला हवे. म्हणूनच नाव अजिबात नसलेले विद्यापीठ आणि कोलंबिया अशी निवड असती तर हे उत्तर वेगळे असते. इलिनॉयचे नाव, जिथे त्याची गरज पडणार आहे तिथे, कोलंबियाइतकेच किंवा थोडे अधिक चालते.

नाव कोठे कागदोपत्रीही मोजले जाते, तेही पाहून ठेवावे. ब्रिटनने मे २०२२ मध्ये सुरू केलेला एक विशेष व्हिसा, सुरुवातीच्या नियमांनुसार, तीन जागतिक क्रमवाऱ्यांपैकी किमान दोहोंत पहिल्या पन्नासांत असलेल्या विद्यापीठांच्या पदवीधरांसाठी होता, आणि त्या यादीत तेव्हा एकही भारतीय विद्यापीठ नव्हते. परदेशी शिक्षणाच्या काही सरकारी शिष्यवृत्त्यांना क्यूएस क्रमांकाची मर्यादा असते. बँकाही संस्थांच्या याद्या ठेवतात आणि त्यावरून व्याजदर व तारणाची अट ठरवतात. त्यामुळे दोन्ही विद्यापीठांसाठी स्वतंत्रपणे चौकशी करावी. आपण घर तारण ठेवायचे ठरवूनच बसला आहात, पण काही कर्जदाते अशा विद्यापीठांतील संगणकशास्त्रासाठी विनातारणही कर्ज देतात. त्याचा व्याजदर जास्त असतो, हे मात्र पाहावे. अमेरिकेत शिक्षणानंतर काम करण्याची जी मुभा मिळते, बारा महिने आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीसाठी आणखी चोवीस, ती दोन्ही ठिकाणी सारखीच आहे.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो लाजून बाजूला ठेवण्यासारखा नाही. दोन्ही खर्चांत किमान चाळीस लाखांचा फरक धरला आणि व्याज साडेदहा टक्के धरले, तर दहा वर्षांसाठी त्या फरकाचाच हप्ता महिन्याला सुमारे ५४ हजार रुपये होतो, आणि शिक्षणाच्या काळात चढलेले व्याज त्यात आलेले नाही. अमेरिकेत चांगली नोकरी लागली तर हा हप्ता जाणवणारही नाही. पण नोकरीचा व्हिसा आता पूर्वीसारखा भरवशाचा राहिलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क लावणारा आदेश निघाला, आणि पुढे काय होईल यावर कोणाचाही ताबा नाही. मुलीला दोन-तीन वर्षांत परत यावे लागले आणि पुण्यात किंवा हैदराबादेत नोकरी करून कर्ज फेडावे लागले, तर ऐंशी लाखांचे कर्ज जड जाईल. सव्वा कोटीच्या कर्जात राहते घरच हातचे जाण्याची भीती आहे. माझ्या दृष्टीने निर्णय इथेच होतो. जास्तीचे चाळीस लाख देऊन तिच्या विषयात जास्त चांगला विभाग मिळत असता तर विचार केला असता. इथे तर आपण जास्त पैसे देऊन नातेवाइकांच्या ओळखीचे नाव घेणार आहात.

यात एक अपवाद आहे, आणि त्याविषयी मुलीशी बसून बोलावे. तिच्या मनात वित्तक्षेत्र असेल, न्यूयॉर्कच्या वित्तसंस्थांत संगणकशास्त्राचा उपयोग करायचा असेल, किंवा पुढे धोरण, व्यवस्थापन अशा बिगर-तांत्रिक दिशेला वळायचे असेल, तर कोलंबियाचे नाव आणि न्यूयॉर्कचा पत्ता या दोहोंचे मोल वाढते. बोलताना ‘पैशाची काळजी करू नकोस’ अशी सुरुवात करू नये. तिला ती काळजी दिसते आहे आणि ती खरी आहे. ‘दोन्हीचा खर्च सारखा असता तर कोठे गेली असतीस, आणि का?’ एवढेच विचारावे. तिने विभागाची, प्राध्यापकांची, विषयांची नावे घेतली तर तिचा निर्णय अभ्यासाअंती झालेला आहे आणि त्यात मन मारण्याचा प्रश्न नाही. ती घुटमळली आणि न्यूयॉर्कचे नाव आले, तर मात्र दोघांनी पुन्हा कागद-पेन्सिल घेऊन बसावे.

दोन्ही विद्यापीठांना काही प्रश्न तिनेच ई-मेलने विचारावेत. मिळालेली पदवी प्रबंधाची आहे की केवळ अभ्यासक्रमाची? अर्बानात संगणकशास्त्राच्या संशोधनप्रधान आणि व्यावसायिक अशा दोन वेगळ्या पदव्युत्तर पदव्या आहेत आणि त्यांत सहायकवृत्ती, म्हणजे अध्यापनात किंवा संशोधनात मदत करून मिळणारा मोबदला, मिळण्याची शक्यता सारखी नसते. हव्या असलेल्या विषयांत एम.एस.च्या विद्यार्थ्यांना जागा खरोखर मिळते का, की त्या पीएच.डी.वाल्यांनी आधीच भरतात? उन्हाळी इंटर्नशिपसाठी कोणत्या कंपन्या आवारात येतात? याशिवाय मागच्या दोन वर्षांत तिथे गेलेले मराठी विद्यार्थी शोधून त्यांच्याशी बोलावे. पहिल्या सत्रात काय त्रास झाला हे ते कोणत्याही क्रमवारीपेक्षा स्पष्ट सांगतात. मेहुण्यांशी वाद घालण्याची आवश्यकता नाही. पुण्यातील एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या ज्येष्ठ अभियंत्याला दोन्ही नावे विचारून पाहा, एवढी विनंती त्यांना करावी.

निर्णय झाल्यावर दुसऱ्या विद्यापीठाला मुदतीच्या आत नम्र नकार कळवावा, म्हणजे ती जागा प्रतीक्षेतील कोणाला तरी मिळते. त्यानंतर कामांचा क्रम असा : निवडलेल्या विद्यापीठाची अनामत भरणे, बँकेचे कर्जमंजुरीचे पत्र, त्याच्या आधारावर विद्यापीठाकडून येणारा आय-२० हा व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा दाखला, मग अमेरिकी सरकारच्या परदेशी विद्यार्थी-नोंदणीचे ३५० डॉलरचे सेव्हिस शुल्क आणि शेवटी व्हिसाची मुलाखत. मुंबईची तारीख मिळत नसेल तर हैदराबादची पाहावी. आपल्या सोलापूरहून ते उलट जवळ पडते. बँकेत घराची कागदपत्रे तपासण्यातच बरेच आठवडे जातात, म्हणून विद्यापीठाचा निर्णय व्हायची वाट न पाहता मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा आणि कारखान्याची मागील तीन वर्षांची विवरणपत्रे याच आठवड्यात काढून ठेवावीत.